ताटलीतले हाड, आईच्या पाठीतले हाड

मार्च महिन्यातल्या एका मंगळवारी दुपारी रबाळ्याच्या आमच्या प्रयोगशाळेत हाडाच्या पेशी वाढवलेली एकविसाव्या दिवसाची प्लेट लाल झाली, आणि त्याच दिवशी संध्याकाळी सातच्या सुमारास ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या जुन्या घरी, पलंगाखालची गादी ओढून काढायला आई वाकली तेव्हा तिच्या पाठीत काहीतरी कटकन वाजले. मी तेव्हा ट्रान्स-हार्बरच्या गाडीत होते आणि फोनवर त्या लाल प्लेटचे छायाचित्र पुन्हा पुन्हा पाहत होते, कारण आधीच्या दोन खेपा वाया गेल्या होत्या आणि या खेपेस सहाच्या सहा वेलमध्ये, म्हणजे प्लेटमधल्या खळग्यांत, रंग एकसारखा धरला होता. ते छायाचित्र पडद्यावर असतानाच बाबांचा फोन आला. "आईला उठता येत नाहीये," एवढेच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक्स-रे निघाला. डी-१२, म्हणजे छातीच्या मणक्यांतला अगदी खालचा मणका, पुढच्या बाजूने दबून पाचरीसारखा झाला होता. पडणे नाही, धडक नाही, जड उचलणे नाही. कापसाची एक गादी, तीही अर्धीच बाहेर आलेली. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे प्रकाशाच्या पेटीवर लावला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "काकू, स्टेरॉईडच्या गोळ्या किती दिवस चालू आहेत?" सात महिने, बाबांनी उत्तर दिले. "आणि हाडांसाठी काही?" यावर आम्ही तिघेही एकमेकांकडे पाहत राहिलो. त्या तिघांत एक मी होते, जी गेली अकरा वर्षे हाड घडवणाऱ्या पेशी वाढवण्याचे काम करते.

ते काम काय, हे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्याच्यावर उभे आहे. माणसाच्या अस्थिमज्जेतून मिळवलेल्या मूलपेशी आमच्याकडे द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवलेल्या असतात. त्या वितळवून प्लास्टिकच्या तळावर पसरल्या की दोन दिवसांत तळाला चिकटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या, एका दिशेने निघालेल्या मासोळ्यांच्या थव्यासारख्या दिसू लागतात. ३७ अंश सेल्सिअस तापमान आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या इनक्युबेटरमध्ये त्या नुसत्याच ठेवल्या तर वाढतात, पण हाड घडवत नाहीत. हाडाकडे वळवायचे असेल तर त्यांच्या पोषक द्रवात तीन गोष्टी घालाव्या लागतात: क जीवनसत्त्व, ज्याच्याविना कोलॅजेनचे धागे नीट विणले जात नाहीत, बीटा-ग्लिसरोफॉस्फेट, ज्यातून खनिजासाठी फॉस्फेट मिळते, आणि तिसरे, सगळ्यांत थोड्या प्रमाणात लागणारे पण वळण देणारे, डेक्सामेथासोन. हे तिसरे म्हणजे स्टेरॉईड. १०० नॅनोमोलर एवढे घातले, दर तिसऱ्या दिवशी द्रव बदलला, आणि हात स्वच्छ राहिले, तर आठवड्याभरात त्या मासोळ्यांचा आकार चौकोनी, भरीव होऊ लागतो. अल्कलाइन फॉस्फटेज नावाचे विकर त्या तयार करू लागतात, मग भोवती कोलॅजेन विणतात, आणि तिसऱ्या आठवड्यात त्या विणीवर कॅल्शियमचे कण बसू लागतात. ते डोळ्यांना दिसावेत म्हणून आम्ही ॲलिझरीन रेड घालतो. हा रंग मुळात मॅडर नावाच्या वनस्पतीच्या मुळांतला, आपल्या मंजिष्ठेच्या नात्यातला. ही मुळे खाल्लेल्या डुकरांची हाडे लाल होतात, हे लंडनचे शल्यवैद्य जॉन बेल्चियर यांनी १७३६ साली नोंदवून ठेवले होते. आजही आमच्या प्लेटवर हाड बनले की नाही याची साक्ष तोच लाल रंग देतो.

त्या मंगळवारची प्लेट ही अशी लाल झाली होती. स्टेरॉईडमुळे झाली होती.

आता आईच्या गोळ्यांबद्दल. आधीच्या वर्षीच्या पावसाळ्यात तिला कोरडा खोकला सुरू झाला. तिसऱ्या मजल्यावरचे आमचे घर, इमारतीला लिफ्ट नाही, आणि चाळीस वर्षे तो जिना न थांबता चढणारी आई पहिल्या मजल्यावर कठडा धरून उभी राहू लागली. ती शाळेत मराठी शिकवत असे, हाडाची शिक्षिका, आणि एका दमात एक परिच्छेद वाचण्याची तिची सवय. तिला एक ओवी म्हणताना दोनदा श्वास घ्यावा लागू लागला तेव्हा आम्ही घाबरलो. सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसांत धूसर ठिपके दिसले आणि निदान झाले हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षे श्वासातून आत गेली की काही जणांचे शरीर तिच्याविरुद्ध पेटून उठते आणि त्या पेटण्यात फुप्फुसच होरपळते. आमच्या मागच्या गॅलरीच्या पत्र्याखाली कबुतरांची तिसरी का चौथी पिढी नांदत होती. सकाळी उठून ती जागा झाडण्याचे काम आई करत असे, ओढणीसुद्धा तोंडाला न लावता.

उपचार म्हणून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड सुरू झाले, दिवसाला ४० मिलिग्रॅम, सकाळी न्याहारीनंतर. ते हळूहळू कमी करायचे होते. आणि खरे सांगायचे तर त्या गोळ्यांनी चमत्कार केला. दहा दिवसांत खोकला ओसरला, महिन्याभरात ती जांभळी नाक्यावरून भाजी घेऊन एकटी आली. चेहरा गोल झाला, झोप उडाली, रात्री दोन वाजता भूक लागू लागली, रक्तातली साखर थोडी चढली. हे सगळे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते आणि आम्ही ते श्वासाच्या बदल्यात आनंदाने स्वीकारले. हाडांचा विषय मात्र कोणी काढला नाही. त्या रुग्णालयाच्या कागदावर छातीविषयी चार ओळी आहेत, साखरेविषयी एक आहे, हाडांविषयी एकही नाही. मी त्या कागदाकडे बोट दाखवून मोकळी होऊ शकत नाही. डेक्सामेथासोन आणि प्रेडनिसोलोन ही एकाच घराण्यातली भावंडे आहेत, हे मला माहीत होते. पण माझ्या मनात एक स्टेरॉईड रबाळ्याच्या फ्रिजमध्ये होते आणि दुसरे नौपाड्याच्या औषधाच्या डब्यात, आणि त्या दोघांची गाठ मी घालून दिली नाही.

आई अंथरुणावर टेलर ब्रेसमध्ये, म्हणजे पाठ ताठ धरणाऱ्या पट्ट्यात, जखडलेली असताना, तिसऱ्या की चौथ्या दिवशी, तिने मला ते लाल छायाचित्र पुन्हा दाखवायला सांगितले. बराच वेळ पाहून म्हणाली, "अगं, तुझ्या या ताटलीत जे औषध घातलंस त्यानं हाड झालं, आणि मला तेच दिलं तर माझं मोडलं. असं कसं?" तिने तो प्रश्न वर्गात विचारावा तसा विचारला. मला चटकन उत्तर देता आले नाही, आणि जे दिले ते अपुरे होते. हा लेख म्हणजे ते उत्तर नीट देण्याचा प्रयत्न आहे.

स्टेरॉईड संप्रेरके सगळी कोलेस्टेरॉलपासून बनतात. कार्बनच्या १७ अणूंची चार कडी एकमेकांना जोडलेली, हा त्यांचा सामाईक साचा. त्याला कुठे काय चिकटले आहे यावरून कोणी कॉर्टिसॉल होते, कोणी इस्ट्रोजेन, कोणी टेस्टोस्टेरोन. ती स्निग्ध असल्यामुळे पेशीच्या पडद्यातून सहज आत शिरतात. कॉर्टिसॉल हे शरीराचे स्वतःचे स्टेरॉईड, डेक्सामेथासोन आणि प्रेडनिसोलोन ही त्याच्याच धर्तीची औषधे. त्यांना पकडणारे प्रथिन, म्हणजे ग्राही, आत पेशीद्रवात दुसऱ्या प्रथिनांच्या आधाराने वाट पाहत असतो. संप्रेरक त्याच्यात बसले की तो आधार सोडून केंद्रकात जातो आणि डीएनएवर जाऊन काही जनुके चालू करतो, काही बंद पाडतो. म्हणजे हे संप्रेरक स्वतः हाड बांधत नाही आणि मोडतही नाही. ते पेशीला तिच्या ताब्यातल्या जनुकांपैकी कोणती वाचायची ते सुचवते, आणि कोणत्या वेळी कोणती जनुके वाचायला उघडी आहेत हे पेशीच्या वयावर आणि तिच्या शेजाऱ्यांवर ठरते.

मज्जेतल्या मूलपेशीपुढे वाटा अनेक असतात. ती हाडाकडे जाऊ शकते, कूर्चेकडे जाऊ शकते, चरबीकडेही जाऊ शकते. हाडाच्या वाटेवरचा पहिला मोठा टप्पा म्हणजे रन्क्स-२ नावाचे प्रथिन. १९९७ साली हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या पिल्लांचे वर्णन प्रसिद्ध झाले: त्यांचा सांगाडा पूर्ण आकाराचा होता, पण सगळा कूर्चेचा, हाड कुठेच नाही, आणि छाती उचलली न गेल्यामुळे ती पिल्ले जन्मल्यावर लगेच गेली. चरबीच्या वाटेवर असाच टप्पा पीपीएआर-गॅमाचा. आणि इथे मला जी गोष्ट आईला आधी सांगायला हवी होती ती येते. आमच्या प्रयोगशाळेत त्याच मूलपेशींपासून चरबीच्या पेशी बनवायची कृतीही आहे, आणि त्या कृतीतही डेक्सामेथासोन आहे. तिथे ते दहापट जास्त, सोबत इन्सुलिन आणि आणखी दोन द्रव्ये. दोन्ही बाटल्या एकाच फळीवर शेजारी शेजारी असतात. एकीतून लाल रंग धरणारे खनिज तयार होते, दुसरीतून तेलाचे चमकदार थेंब भरलेल्या गोल पेशी. तेच स्टेरॉईड पेशीला वाटेवर ढकलते. कोणत्या वाटेवर, हे प्रमाण आणि सोबत ठरवते. शरीरात दीर्घकाळ जास्त स्टेरॉईड राहिले की मज्जेतला तोल चरबीकडे झुकतो, हे ज्ञात आहे. ज्या पेशींनी मणक्याची डागडुजी करायची त्यांतल्या काही तेल साठवत बसतात.

पण नुसते प्रमाण सांगून हा प्रश्न सुटत नाही, हे मी आईला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. डेक्सामेथासोन कॉर्टिसॉलच्या पंचवीस-तीस पट जोरदार आहे, आणि रक्तातले बहुतेक कॉर्टिसॉल प्रथिनांना बांधलेले असते, मोकळे फारच थोडे. तेव्हा ताटलीतले ते १०० नॅनोमोलर काही कमी नव्हे. खरा फरक वेळेचा आहे. ताटलीतल्या पेशी कोवळ्या असतात, कोणत्याही वाटेला न लागलेल्या, आणि त्यांना पुढे सरकायला एक धक्का लागतो. मानवी पेशींना तो धक्का डेक्सामेथासोन देते. आईच्या मणक्यात मात्र सगळ्या वयाच्या पेशी एकाच वेळी होत्या: कोवळ्या, अर्ध्या वाटेवरच्या, हाड विणत बसलेल्या, आणि विणून झाल्यावर त्याच हाडात कायमच्या कोंडल्या गेलेल्या. जो धक्का कोवळ्या पेशीला पुढे नेतो तोच विणत बसलेल्या पेशीचे हात थांबवतो. ती कोलॅजेन कमी बनवते. तिला हाडाच्या कामाला जुंपून ठेवणारा डब्ल्यूएनटी नावाचा संदेश क्षीण होतो, कारण त्या संदेशाला अडवणारी प्रथिने स्टेरॉईडमुळे वाढतात. आणि शेवटी ती पेशी वेळेआधी मरते. १९९८ साली अमेरिकेतल्या आर्कान्सामधल्या संशोधकांनी उंदरांना २७ दिवस प्रेडनिसोलोन दिले तेव्हा मणक्यांतल्या हाड घडवणाऱ्या पेशींचे असे मरण तिप्पट झालेले आढळले, आणि हाडात कोंडलेल्या पेशीही मरताना दिसल्या. या कोंडलेल्या पेशींचे मरण मला जास्त अस्वस्थ करते. हाडातल्या पेशींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक त्याच असतात, दशकानुदशके जगतात, आणि कुठे ताण पडतो आहे, कुठे बारीक तडा गेला आहे याची खबर त्याच देतात. खबर देणारेच गेले तर डागडुजी कुठे करायची हे कोणाला कळणार?

ताटलीत आणखी एक गोष्ट नसते: हाड खाणाऱ्या पेशी. जिवंत हाड सतत उकरले आणि भरले जाते. एका जागचे उकरणे दोन-तीन आठवड्यांत होते, भरायला मात्र तीन-चार महिने लागतात. आईचा हिशेब मी नंतर कागदावर मांडून पाहिला. दिवसाचे ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन म्हणजे जोराच्या दृष्टीने सुमारे १६० मिलिग्रॅम कॉर्टिसॉल, आणि शरीर स्वतः दिवसाला साधारण १० ते २० मिलिग्रॅम बनवते. स्टेरॉईड सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत उकरणाऱ्या पेशी जास्त काळ जगतात आणि भरणाऱ्या कमी होतात. खड्डे तेवढेच किंवा जास्त, गवंडी थोडे. म्हणूनच मोडण्याचा धोका पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच चढतो, हाडाची घनता फार उतरलेली दिसण्याच्याही आधी. आईचा मणका सातव्या महिन्यात गेला.

हे सगळे वाचून कोणी कॉर्टिसॉल म्हणजे हाडाचा वैरी असे समजू नये, कारण ते खोटे आहे. ज्या उंदरांच्या हाड घडवणाऱ्या पेशींमध्ये स्वतःचेच हे संप्रेरक निष्प्रभ होईल अशी जनुकीय व्यवस्था केली होती, त्यांच्या कवटीची हाडे उशिरा आणि अपुरी बनली. नैसर्गिक प्रमाणातले, सकाळी चढणारे आणि रात्री उतरणारे संप्रेरक हाडाला हवेच असते. एक चढ-उताराची लय आहे आणि पेशी त्या लयीत वाढल्या आहेत. ती लय सपाट आणि उंच झाली की त्याच संप्रेरकाचा अर्थ त्यांच्यासाठी बदलतो. हार्वे कुशिंग या अमेरिकी शल्यवैद्यांनी १९३२ साली ज्या रुग्णांचे वर्णन केले त्यांच्या शरीरातच हे संप्रेरक अति बनत होते, आणि गोल चेहऱ्यासोबत मऊ पडलेली, खचलेली हाडे त्यांनी तेव्हाच पाहिली होती. म्हणजे १९४८ च्या सप्टेंबरात डॉक्टर फिलिप हेंच यांनी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताने जखडलेल्या २९ वर्षांच्या स्त्रीला याच घराण्यातल्या कॉर्टिसोनची पहिली सुई दिली, ती काही दिवसांत चालू लागली, आणि दोनच वर्षांत त्या शोधाला नोबेल मिळाले, तेव्हा हाडांचे काय होते याची नोंद सोळा वर्षे जुनी झालेली होती. तो आनंद खोटा नव्हता. भाजीची पिशवी घेऊन जिना चढून आलेल्या आईकडे पाहताना आमचाही नव्हता.

गॅलरीची साफसफाई आता बाबांनी आणि मी मिळून केली, तोंडाला मास्क बांधून, विष्ठेवर आधी पाणी मारून, म्हणजे धूळ उडू नये. जाळी लावणारा माणूस येण्याच्या आदल्या दिवशी पत्र्याखाली चार काटक्यांच्या घरट्यात एक कबुतरी बसलेली दिसली, आणि दोन दिवसांनी दोन अंडी. जाळीचे काम आम्ही पुढे ढकलले आणि आईच्या खोलीचे दार तेवढे दिवस घट्ट बंद ठेवले. त्या कबुतरीकडे पाहताना मला १९३४ सालचा एक शोध आठवला, जो माझ्या विषयाच्या अगदी काठावर आहे आणि तरी मला अतिशय प्रिय आहे. अंडी घालण्याच्या आधीच्या दिवसांत मादी कबुतराच्या मांडीच्या हाडातली पोकळी नव्या हाडाच्या बारीक बारीक काड्यांनी भरून येते. अंडे झाले, कवचासाठी कॅल्शियम लागले, की ते हाड विरघळते. ही उचल इस्ट्रोजेनची असते. नर पक्ष्याला इस्ट्रोजेन टोचले तर त्याच्याही हाडाच्या पोकळीत तसेच हाड उगवते. माझ्या पेशींना एकवीस दिवस लागतात, त्याही सगळे आयते पुरवल्यावर. ही कबुतरी ते काही दिवसांत करते, वापरते, आणि पुढच्या वेळी पुन्हा करते. २००५ साली टिरॅनोसॉरस जातीच्या एका डायनोसॉरच्या मांडीच्या हाडात असेच हाड सापडल्याचे जाहीर झाले आणि तो प्राणी मादी होता, अंड्यावर आलेला होता, असा निष्कर्ष काढला गेला.

माणसाच्या बाईच्या हाडात इस्ट्रोजेन असे कोठार भरत नाही, पण तिथे ते राखणदाराचे काम करते: हाड घडवणाऱ्या पेशींचे आयुष्य लांबवते आणि उकरणाऱ्यांचे आखडते. पाळी गेल्यावर ते उतरते आणि राखण सुटते. आईची पाळी जाऊन अठरा वर्षे झाली होती. म्हणजे प्रेडनिसोलोनची पहिली गोळी तिने घेतली तेव्हाच तिच्या मणक्यांत गवंडी कमी झालेले होते, आणि त्या दिवशी तिला कोणी तिचे वय, तिची पाळी, तिच्या आईचे खुब्याचे हाड मोडले होते का, हे विचारले नाही. (मोडले होते. आजी शेवटची दोन वर्षे अंथरुणावर होती.) पुरुषांची गोष्टही फार वेगळी नाही. १९९४ साली एका २८ वर्षांच्या पुरुषाची हकिकत प्रसिद्ध झाली, ज्याच्या शरीरात इस्ट्रोजेनचा ग्राहीच निकामी होता. टेस्टोस्टेरोन पुरेसे होते, तरी त्याच्या हाडांची वाढीची टोके मिटली नव्हती. उंची २०४ सेंटिमीटर आणि अजून वाढत होती, आणि हाडे मात्र विरळ. पुरुषाच्या हाडालाही टेस्टोस्टेरोनपासून बनणारे इस्ट्रोजेन लागते, हे तेव्हा पक्के झाले. बाबांना मी हे सांगितले तेव्हा ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी स्वतःहून हाडांची तपासणी करून घ्यायला तयार झाले.

ड जीवनसत्त्व हेही कोलेस्टेरॉलच्याच घराण्यातून येणारे आणि संप्रेरकासारखेच वागणारे. त्याविषयी सगळीकडे भरपूर लिहिले जाते, म्हणून एवढेच सांगते की खोकल्याच्या त्या वर्षात आईने ऊन जवळजवळ पाहिलेच नव्हते, आणि तपासणीत ते फार कमी निघाले.

माझा राग कशावर आहे, हे स्पष्ट लिहायला हवे. स्टेरॉईड दिले म्हणून नाही. ते दिले नसते तर आईची फुप्फुसे आज या अवस्थेत नसती. तीन महिन्यांहून जास्त काळ दिवसाला अडीच मिलिग्रॅम किंवा अधिक प्रेडनिसोलोन घेणाऱ्या प्रौढाच्या हाडांचा धोका पहिल्या सहा महिन्यांत तपासावा, असे अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेचे मार्गदर्शन अनेक वर्षे जाहीर आहे. आई ४० मिलिग्रॅमवर होती. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, हाडांची घनता मोजणारा एक डेक्सा स्कॅन आणि गरज दिसली तर हाडांचे औषध: एवढ्या ओळी पहिल्याच कागदावर बसल्या असत्या. छातीच्या डॉक्टरांनी छाती पाहिली, हाडांच्या डॉक्टरांनी हाड मोडल्यावर हाड पाहिले, आणि मधल्या सात महिन्यांत ती दोन्ही घेऊन जिना चढणारी बाई एकच होती. ज्यांच्या घरी कोणाला दमा, ल्युपस, संधिवात किंवा फुप्फुसाच्या आजारासाठी या गोळ्या लांब काळ चालू आहेत, त्यांनी पुढच्या भेटीत हाडांचा प्रश्न स्वतः विचारावा. आणि घाबरून गोळ्या मात्र एकदम बंद करू नयेत. बाहेरून स्टेरॉईड येत राहिले की शरीराच्या स्वतःच्या ग्रंथी काम मंदावून बसतात. त्यांना जागे व्हायला वेळ द्यावा लागतो, नाहीतर जीवावर बेतते. आईने त्या आठवड्यात "मला नकोतच या गोळ्या" म्हणून डबा बाजूला सारला तेव्हा हे मला तिला तीनदा समजवावे लागले.

तिला आता रोज टेरिपॅराटाइडची सुई देतात, २० मायक्रोग्रॅम, पोटाच्या कातडीखाली. बाबा देतात. सुईचे पेन फ्रिजच्या दारात लिंबाच्या लोणच्याशेजारी असते आणि रात्री नऊच्या बातम्या सुरू व्हायच्या आधी ते ही कामगिरी उरकतात. हे औषध स्टेरॉईड नाही. पॅराथायरॉईड ग्रंथीच्या संप्रेरकाचा तो एक तुकडा आहे. पण त्याचेही वागणे तसेच आहे: तेच संप्रेरक रक्तात दिवसरात्र जास्त राहिले तर हाड झिजवते, आणि दिवसातून एकदा चढून लगेच उतरले तर हाड घडवणाऱ्या पेशींना कामाला लावते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत, स्टेरॉईडमुळे हाडे विरळ झालेल्या रुग्णांत, ॲलेंड्रोनेट या नेहमीच्या, रोज घ्यायच्या गोळीपेक्षा या सुईने घनता जास्त वाढली आणि मणके कमी मोडले. हे मी आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे किती दिलं यापेक्षा कधी दिलं आणि कधी थांबवलं, ते मोठं." तिने माझ्या अकरा वर्षांच्या कामाचा अर्थ इतक्या सोप्या वाक्यात सांगितला की मी ते वाक्य वहीत उतरवून घेतले.

तिचे प्रेडनिसोलोन आता साडेसात मिलिग्रॅमवर आले आहे. उंची तीन सेंटिमीटर कमी झाली आहे. स्वयंपाकघरातली वरची फळी तिला पुरत नाही, म्हणून डाळींचे डबे बाबांनी एक फळी खाली आणले. कबुतराची पिल्ले महिन्याभरात उडून गेली आणि जाळी बसली.

रबाळ्यात मी एक नवीन प्लेट लावली आहे. वरच्या तीन वेलमध्ये डेक्सामेथासोन एकवीस दिवस, नेहमीसारखे. खालच्या तीन वेलमध्ये फक्त पहिले सात दिवस, आणि त्यानंतरच्या द्रवात ते नाही. झाकणावर आमच्या पद्धतीप्रमाणे मूलपेशी देणाऱ्या व्यक्तीचे वय लिहावे लागते. आजवर मी ते न वाचताच उतरवत आले, या वेळी लिहून झाल्यावर थांबून पाहिले. २४ वर्षे. आईचे वय ६७. आज चौदावा दिवस आहे. सूक्ष्मदर्शकाखाली वरच्या आणि खालच्या पेशींत मला अजून काही फरक सांगता येत नाही, आणि आईने सकाळी फोनवर विचारले, "लाल झालं का गं?" मी म्हटले, अजून सात दिवस, आई.